रेघाताईंच्या बारा खोल्या

रेघाताईंचं खरं नाव आमच्या ऑफिसात फक्त हजेरीच्या वहीत होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी रेघाताईच. नाव ठेवलं मोठ्या साहेबांनी. कुठलंसं गिऱ्हाईक फोनवर हुज्जत घालत होतं, भिंत चार बोटं इकडं घ्या म्हणून. साहेब वैतागून म्हणाले, "ते माझ्या हातात नाही हो. आमच्या रेघाताईंना विचारा. त्यांनी रेघ मारली की मीसुद्धा तिच्या पलीकडं जात नाही." त्या दिवशी नाव चिकटलं ते चिकटलं.

त्या नकाशे काढायच्या. साहेबांच्या मनात घर यायचं, ते एखाद्या पाकिटाच्या मागं गिरगटून द्यायचे आणि निघून जायचे. त्या गिरगटीतून जिना किती पायऱ्यांचा, दार कुठल्या बाजूला उघडेल, उघडलं तर पलंगावर आपटेल का, हे सगळं रेघाताई बघायच्या. रेघ मारताना त्या श्वास रोखून धरत. रेघ लांबलचक असली की आजूबाजूला बसलेले आम्हीही नकळत श्वास रोखायचो आणि शेवटी सगळे मिळून सोडायचो. पुढं कॉम्प्युटर आला. पंचेचाळिसाव्या वर्षी त्या तीन महिन्यांत शिकल्या, पण श्वास रोखायची सवय गेली नाही. माऊस ओढतानाही तेच.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी मॉडेलं करायचो. पुठ्ठा, ब्लेड, डिंक, आणि झाडांसाठी वाळक्या काटक्या. सोळा वर्षं शेजारी बसलो, त्यामुळं त्यांच्याबद्दल मला सगळं माहीत आहे असं मला वाटायचं. लग्न केलेलं नाही, घरी म्हातारी आई, दोन खोल्या, खाली सायकलदुरुस्तीचं दुकान. डबा बरोबर एकला उघडायचा. आणि एक गोष्ट सगळ्या ऑफिसला ठाऊक होती, ती म्हणजे रेघाताई साइटवर जात नाहीत. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी घरं काढली असतील, पण बघितलं एखाददुसरंच. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "माझं कागदावर राहून झालं की. आता परत कशाला जाऊ?"

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाटल्यांची झाकणं करणारा मालक आला.

माणूस भला होता. उभं आयुष्य कारखान्याच्या खडखडाटात काढलेलं. आता त्याला शहरापासून पाच तासांवर, जंगलाच्या उतारावर, लोकांनी चार दिवस येऊन राहावं अशी जागा बांधायची होती. स्वतःची जमीन होती, कागदपत्रं चोख होती. बरोबर बायको आली होती, ती खुर्चीच्या कडेला बसून नुसतं ऐकत होती. मालक म्हणाला, "बघा, जंगलात कोणी काही बांधलंय असं वाटताच कामा नये. एकही झाड जाता कामा नये. सामान शक्य तेवढं कमी. पण राहणाऱ्याला कशाचीही उणीव भासता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका खोलीतून दुसरी खोली दिसता कामा नये. माणसाला वाटलं पाहिजे, या जगात मी एकटाच आहे."

तो गेल्यावर मी म्हणालो, "म्हणजे काहीच बांधायचं नाही, पण झकास बांधायचं."

रेघाताई हसल्या नाहीत. त्या मोजणीवाल्यानं पाठवलेला नकाशा उलगडून बसल्या होत्या. त्यावर चारशे बारा झाडं होती, प्रत्येकाला नंबर. त्या प्रत्येक नंबरावरून हळूहळू बोट फिरवत होत्या.

काम धाकट्या मॅडमनी घेतलं. धाकट्या मॅडम म्हणजे साहेबांची मुलगी. परदेशात शिकून आलेली, हुशार, आणि हुशार माणसाला असते तेवढी घाई असलेली. ती शाळेत असताना ऑफिसात यायची तेव्हा रेघाताईंनी तिच्या वह्यांना समास आखून दिलेले, त्यामुळं चारचौघांत ती 'मॅडम' आणि आमच्याआमच्यात 'तू'. तिनं आठवड्याभरात बारा खोल्या बसवल्या. लोखंडी पायांवर उभे काचेचे बारा चौकोन, त्यांतले सहा खाली ओढ्यालगतच्या खोलगट जागेत. चित्रात फारच देखणं दिसत होतं.

रेघाताईंनी त्यावर अर्धा दिवस काम केलं आणि थांबल्या. पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "इथं वारा कुठून येतो?"

कोणाला माहीत नव्हतं.

"ह्या खोलगटात सकाळी दहा वाजेपर्यंत धुकं बसून राहील. गाद्या ओल्या होतील. आणि ही काच अशी सरळ उभी ठेवलीस ना, तर पाखरं आपटून मरतील. त्यांना त्यात झाडंच दिसतात. आणि पन्हळ कशाला लावतेस? पानांनी आठ दिवसांत तुंबेल. पागोळ्या पडू देत सरळ खाली, खडीवर."

धाकट्या मॅडम बघतच राहिल्या. "ताई, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी जंगलात वाढलेय," रेघाताई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करायला लागल्या.

अठ्ठावीस वर्षं! मोठे साहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. "रेघाताई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणी विचारलं नाही, साहेब."

मग थोडंथोडं करून कळलं. वडील वनरक्षक. जंगलात आत, गाडीरस्त्यापासून दीड तास चालत, दोन खोल्यांची चौकी. रेघाताई तिथंच वाढल्या, अकरा वर्षांच्या होईपर्यंत. अभ्यास आईकडं, वर्षातून एकदा परीक्षेला गावात. मग वडिलांचा पाय मोडला, त्यांना शहरातल्या लाकडाच्या आगारात बसून करायचं काम मिळालं, आणि बिऱ्हाड इकडं आलं ते कायमचं. तिकडं आता दगडाची खाण आहे. जंगल नाही, चौकी नाही, डोंगरसुद्धा निम्मा नाही.

धाकट्या मॅडमनी हट्ट धरला, ताईंना साइटवर यावंच लागेल. मला वाटलं नेहमीसारखं 'नाही' येईल. पण रेघाताई म्हणाल्या, "कधी निघायचंय?"

मोजमापाला म्हणून मीही बरोबर गेलो. गाडी रस्त्याला थांबली, पुढं पायवाट. धाकट्या मॅडम फोन वर धरून रेंज शोधत होत्या. रेघाताई चार पावलं आत गेल्या, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, आणि पालापाचोळ्यात अनवाणी उभ्या राहिल्या. छप्पन्न वर्षांची, राखाडी केसांची बाई. मला उगाच दुसरीकडं बघावंसं वाटलं. थोड्या वेळानं त्या वाकल्या, मूठभर ओली माती उचलली, नाकाशी नेली. आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही रे. वेगळा आहे. वास वेगळा आहे." मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाल्या, "असणारच. झाडं वेगळी आहेत."

तीन दिवस आम्ही तिथं होतो. सुतळीचं बंडल आणि खुंट्या घेऊन रेघाताई उतार चढत-उतरत होत्या. एखाद्या जागी बसायच्या, डोळे मिटायच्या, उठायच्या आणि म्हणायच्या, "इथं नको." एकदा एका खोलीसाठी त्यांनी सकाळ आणि दुपार दोन्ही घालवल्या. झाडं नंबर १९४ आणि १९५ यांच्यामधून रेघ जाईना, म्हणून त्यांनी भिंतच वाकवली. ज्या बाईनं जन्मभर सरळ रेघ मारली तिनं जमिनीवर सुतळीचं वळण काढलं, आणि त्याकडं बघत ती इतक्या खुशीत हसली की मी मोजपट्टी धरायची विसरलो.

त्याच दुपारी मी विचारलं, "इतकी वर्षं साइटवर का नाही आलात?"

"पहिल्या वर्षी गेले होते. शहराबाहेर एक बंगला होता. मी काढलेला पहिला पूर्ण नकाशा. साहेब म्हणाले, चला बघायला. गेले तर माझ्या रेघेच्या आत जेवढी झाडं होती तेवढी सगळी पाडून रचून ठेवलेली. तेहेतीस होती. रेघेच्या बाहेरची उभी. अगदी काटेकोर, हां! एक बोटही चूक नाही." त्या सुतळी गुंडाळत होत्या. "मला कोणी सांगितलं नव्हतं की तिथं झाडं आहेत. कागद कोराच होता."

परत आल्यावर सगळं नव्यानं निघालं. खोल्या खोलगटातून वर आल्या, लोखंडी पायांऐवजी मातीच्या जाड भिंती आल्या, त्याच उतारावरच्या मातीच्या, म्हणजे रंग वेगळा द्यायला नको. छप्पर खाली उतरत आलं, काच वळचणीच्या सावलीत गेली आणि थोडी पुढं कलली. आत पलंग, एक खुर्ची, एक दिवा, भिंतीतच कोरलेलं कपाट. आणि प्रत्येक खोलीला वळचणीखाली एक बाक, एकाच माणसापुरता, समोर फक्त जंगल. हा बाक रेघाताईंच्या चौकीचा. तिथं बसलं की जगात दुसरं काही नसायचं, म्हणायच्या. धाकट्या मॅडमनी एकदाही हुज्जत घातली नाही. उलट मला हळूच म्हणाल्या, "ताई आठवणीतून काढताहेत. आपण मध्ये यायचं नाही."

मी एका खोलीचं मोठं मॉडेल केलं, छप्पर उचलून आत बघता येईल असं. रेघाताईंनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाल्या, "एक दिवस घरी नेऊ का? आईला दाखवते."

जिने चढून ते न्यायला मीच गेलो. सोळा वर्षांत त्यांच्या घरी पहिल्यांदा. आई एक्याऐंशीची, लहानखुरी, कान तिखट. खिडकीशी बसलेली. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता, दोन बायका जिन्यात काहीतरी बोलत होत्या, आणि आईचं निम्मं लक्ष तिकडं.

रेघाताईंनी मॉडेल टेबलावर ठेवलं. छप्पर उचललं. आई वाकून बघायला लागली.

"खोलीत काय काय असणार?"

"पलंग, खुर्ची, दिवा."

"आणि?"

"बस. एवढंच."

"म्हणजे आपल्याकडं होतं तेवढंच की," आई म्हणाली. "आपल्याला तेव्हा लोक गरीब म्हणायचे."

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. रेघाताईही हसल्या. मग त्यांनी बोटानं बाक दाखवला. "आणि हा ओळखलास? आपला बाक. अगदी तसाच केलाय. उंचीसुद्धा तीच."

आईनं बाकाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

"हा कशाला केलास?"

"म्हणजे? तुला आवडायचा ना! रोज संध्याकाळी बसायचीस. मला आठवतंय, मी पाखरं बघून यायचे तेव्हा तू तिथं अशी शांत बसलेली असायचीस."

"शांत?" आई म्हणाली. "अगं, मी वाट बघत बसायचे. कोणाची म्हणशील तर कोणाचीही. तुझे बाबा चार चार दिवस यायचे नाहीत. तू दिवसभर रानात. मी बोलणार कोणाशी, भांड्यांशी? एकदा महिनाभर तुम्हा दोघांखेरीज माणसाचं तोंड दिसलं नव्हतं मला. वेड लागायची पाळी आली होती."

खाली सायकलवाल्यानं घंटी वाजवून पाहिली.

"एकच होतं," आई पुढं म्हणाली. आता ती आमच्याशी बोलत नव्हतीच. "समोरच्या डोंगरावर दुसरी चौकी होती. दिवसा दिसायची नाही, झाडी दाट. पण दिवेलागणीला तिथं दिवा लागायचा. एवढासा. मला वाटायचं, बाईच लावत असणार, पुरुषाला इतकी वेळ सांभाळता येत नाही. तिनं लावला की मी लावायचे. कधी मीच आधी लावायचे, मग तिचा लागायचा. एकदा नऊ दिवस लागला नाही. माझ्या घशाखाली घास उतरेना. तुझ्या बाबांना म्हटलं, जाऊन बघून या. ते म्हणाले, तो आपला भाग नाही. दहाव्या दिवशी लागला. मी रडले गं, तू झोपली होतीस."

"कोण होती ती?" मी विचारलं.

"कधी भेटले नाही. आठ वर्षं दिवा बघितला, बाई बघितली नाही."

रेघाताई मॉडेल तिथंच सोडून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ कप धूत राहिल्या. कप तीनच होते.

पुढचे चारपाच दिवस ऑफिसात त्यांचं चित्त नव्हतं. एकाचा डबा दोनला उघडला, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. सोमवारी त्या आल्या त्या धाकट्या मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातात बारा खोल्यांचा नकाशा, त्यावर पेन्सिलीच्या नव्या रेघा.

"खोल्या थोड्या फिरवायच्यात. दोनचार हात इकडंतिकडं. प्रत्येक बाकावरून दुसऱ्या एका खोलीचा दिवा दिसला पाहिजे. एकच. खोली नाही, माणूस नाही. झाडांतून नुसता दिवा."

धाकट्या मॅडमना वाटलं चेष्टा चाललीय. मग कळलं चेष्टा नाही. "ताई, गुरुवारी मालक येतायत! अहो, पहिल्या दिवशी त्यांची सगळ्यात मोठी अट हीच होती. एका खोलीतून दुसरी दिसता कामा नये. तुम्ही स्वतः तीन दिवस पाय झिजवून बसवलंय हे सगळं."

"मी चूक बसवलंय."

"चूक? तुमच्याच घरासारखं आहे ना?"

"ते माझं घर होतं," रेघाताई म्हणाल्या. "ते आईचं घर नव्हतं. मला हे आत्ता कळलं."

वाद बराच झाला. शेवटी धाकट्या मॅडम रागानं म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा मालकांना." त्यांना वाटलं असेल, ताई माघार घेतील. रेघाताई गिऱ्हाइकापुढं कधी बोलल्या नव्हत्या.

गुरुवारी मालक आणि त्यांची बायको आली. मातीच्या भिंती, वाकलेली भिंत, खालपर्यंत आलेलं छप्पर, सगळं मालकाला पसंत पडलं. मग रेघाताई उठल्या. आधी सरळ विषयालाच हात घातला, दिवा दिसला पाहिजे म्हणाल्या. मालक कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बाई, मी लोकांना एकांत द्यायला निघालोय. शेजार त्यांच्याकडं घरी भरपूर आहे."

तेव्हा रेघाताईंनी आईची गोष्ट सांगितली. अगदी थोडक्यात, नकाशा समजावून द्यावा तशी. बाक इथं, डोंगर समोर, दिवा तिथं, नऊ दिवस लागला नाही.

मालक पेनाचं टोपण काढत-घालत होता. मग त्याची बायको बोलली, पहिल्यांदाच. नवऱ्याकडं न बघता बोलली. "तुम्ही कामासाठी आठ आठ दिवस बाहेर असता ना, तेव्हा मी टीव्ही लावून ठेवते. आवाज बंद करून. बघत नाही, नुसता लावून ठेवते." थोडं थांबून म्हणाली, "त्या म्हणतात तसं करा."

मालक तिच्याकडं बघत राहिला. त्याला हे ठाऊक नसणार. पण धंद्यातला माणूस, पुरता विरघळला नाही. तडजोड झाली. दहा खोल्या एकमेकींचा दिवा दिसेल अशा जोडीजोडीनं, आणि दोन अगदी टोकाला, साफ एकट्या, ज्यांना तसंच हवंय त्यांच्यासाठी. रेघाताईंना त्या दोन मान्य नव्हत्या, पण त्यांनीच त्या काढल्या. श्वास रोखून.

बांधकामाला दोन वर्षं लागली. आता रेघाताई दर महिन्याला साइटवर जायच्या, माती कुटणाऱ्या गवंड्यांशी वाद घालायच्या, आणि झाडांच्या नंबरांवरून लोकांना पत्ते सांगायच्या: "सत्याऐंशीच्या मागं विटा ठेवू नका, मुळं दबतील." एक झाड मात्र गेलंच. आजारी माणसाला न्यायची गाडी वळू शकेल एवढी जागा वाटेच्या शेवटी हवी, असा नियम निघाला, आणि नंबर तीनशे सहा आड आलं. नकाशावरची त्याची खूण रेघाताईंनी स्वतः खोडली. पाडायच्या दिवशी त्या तिथं गेल्या आणि पूर्ण पडेपर्यंत उभ्या राहिल्या. "या वेळी कागद कोरा नव्हता," एवढंच म्हणाल्या.

जागा सुरू व्हायच्या आधी मालकानं आम्हा सगळ्यांना एक दिवस राहायला बोलावलं. आई पण आली. पायवाटेवर मी आणि रेघाताईंनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. पंधरा पावलांवर जाईपर्यंत खोली दिसली नाही, आणि दिसली तेव्हाही आईला वाटलं मातीचा उंचवटाच आहे. आत गेल्यावर तिनं भिंतीवर हात फिरवला, पलंगावर बसून पाहिलं, बरं आहे म्हणाली. संध्याकाळी बाकावर बसली. रेघाताई पायाशी जमिनीवर. झाडांत अंधारून आलं, आणि खालच्या अंगाला, बऱ्याच लांब, दिवा लागला. धाकट्या मॅडमच तिकडं होत्या, त्यांनीच लावला.

आई बघत राहिली. मग म्हणाली, "छान झालंय गं. पण ती नाही ना तिथं."

रेघाताईंनी आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मला वाटलं त्या रडतायत, पण त्या वास घेत होत्या, वाऱ्याचा. मला तोपर्यंत माहीत झालं होतं की त्यांना काय हवंय, आणि ते तिथं नाही हेही. एकाच बाकापाशी दोघी होत्या आणि दोघींची जंगलं वेगळी होती.

पुढची हकीकत गमतीची आहे. जागा चांगली चालली. मालकानं एकदा फोन करून सांगितलं की सगळ्यात आधी भरतात त्या दोन एकट्या खोल्या. लोक महिनामहिना थांबायला तयार आहेत त्यांच्यासाठी. रेघाताई खो खो हसल्या. "घ्या! बाटल्यांच्या झाकणवाल्याला माणसं माझ्यापेक्षा जास्त कळतात." हसल्या खऱ्या, पण दुपारी मला म्हणाल्या, "चार दिवसांसाठी येतात ना. चार दिवस मलाही एकटीला आवडलं असतं. आईनं आठ वर्षं काढली."

त्याच सुमारास त्यांनी एक काम मनावर घेतलं. सरकारी जुने नकाशे विकणारं एक कार्यालय आहे, तिथं त्यांनी तीन खेपा घातल्या आणि त्यांच्या जंगलाचा, खाण होण्याआधीचा, पिवळा पडलेला नकाशा मिळवला. ऑफिसात माझ्या टेबलावर पसरला. एका कडेला बारीक काळा ठिपका, चौकी. आणि दरीपलीकडं, समोरच्या डोंगरसोंडेवर, दुसरा. खरंच होता.

वनखात्यातही त्या जाऊन आल्या. तिथल्या कारकुनानं भलेपणानं जुनी रजिस्टरं काढून दाखवली. त्या चौकीवर त्या आठ वर्षांत तीन वनरक्षक होऊन गेले होते. तिघांचीही नावं होती. 'कुटुंब' या रकान्यात कुठं 'आहे', कुठं 'नाही'. एकापुढं 'आहे' होतं, पण त्याची नेमणूक चारच वर्षांची. मग उरलेली चार वर्षं दिवा कोण लावत होतं, हे काही कळलं नाही.

रविवारी मी त्यांच्याकडं गेलो होतो. आईपुढं नकाशा पसरून रेघाताईंनी दोन्ही ठिपके दाखवले. आईला ठिपके दिसले नाहीत, तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. रजिस्टरातलं त्यांनी सांगितलं नाही. मोजपट्टी काढली, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत धरली.

"सव्वादोन किलोमीटर."

"किती?"

"सव्वादोन. इथून तुझ्या डॉक्टरच्या दवाखान्याएवढं."

आईनं मोजपट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "एवढंच? मला वाटायचं फार लांब आहे. एवढं तर मी चालत गेले असते."

"मध्ये दरी होती आई. हे बघ, या कंटूर, चढउताराच्या रेषा, किती जवळजवळ आहेत, म्हणजे उभा उतार. उतरून चढायला दिवस लागला असता."

"दरी मला दिसत होतीच," आई म्हणाली. "अंतर दिसत नव्हतं."

रेघाताई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या टेबलावर आता नवीन मुलगी बसते, भराभर काम करते, श्वास वगैरे रोखत नाही. मी अधूनमधून रविवारी त्या दोघींकडं जातो. आई आता पंचाऐंशी-शहाऐंशीची, खिडकीत असते, आणि गल्लीतल्या प्रत्येक माणसाची तिला खबर असते. तो नकाशा दुमडून ठेवलेला नाही. रेघाताईंनी तो पलंगासमोरच्या भिंतीवर लावलाय. मी विचारलं, "त्यात आता काय बघता?" म्हणाल्या, "काही नाही रे. कंटूर वाचते. झोप येईपर्यंत ओढ्याच्या वाटेनं वर जाते. चौकीपर्यंत पोचायच्या आत डोळा लागतो."